फाइल "लॉक" झाली म्हणजे सर्व्हरने नेमकं काय केलं?

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं सार मी असं धरतो. डाळ मिलचं ऑफिस, ८ पीसी, जुन्या डब्यावर उबुंटू लिनक्स टाकून सांबा (विंडोजच्या पीसींना नेटवर्कवरून फाइली देणारा प्रोग्राम) बसवलाय, त्यावर फॉक्सप्रोतला जुना हिशोबाचा प्रोग्राम आणि एक्सेलची मालाच्या दरांची शीट. तक्रारी तीन. कोणीच उघडलेली नसताना शीट "वापरात आहे" म्हणते, हिशोबाचा प्रोग्राम मधूनच अर्धा मिनिट लटकतो, आणि महिन्यातून एखाद वेळी केलेली एंट्री सापडतच नाही. एकाने सांगितलं सांबात लॉकिंगचं सेटिंग नो करून टाका, दुसरा म्हणतो सगळं एनएफएसवर (फाइली शेअर करायची लिनक्सकडची पद्धत) न्या, आता तुम्ही विचारताय कोणाचं ऐकू.

दोघांचंही नका ऐकू. मी भुसावळ-जळगाव पट्ट्यात वीसेक वर्षं हेच करतोय, जिनिंग झाल्या, डाळ मिल झाल्या, केळीचे ग्रुप झाले, सीएंची ऑफिसं झाली, आणि सगळीकडे हाच घोळ, की आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन बसलोय. शेअर मोड वेगळा, बाइट रेंज लॉक वेगळा, आणि ऑपलॉक म्हणतात तो तर लॉकच नाही. तुमच्या तक्रारी सगळ्या एकाच गोष्टीच्या नाहीत, म्हणून एका औषधाने तिन्ही जाणार नाहीत.

आधी शेअर मोड, कारण हा सगळ्यात सोपा. विंडोजवरून कुठलीही फाइल उघडायची म्हटलं की पीसी सर्व्हरला दोन गोष्टी एकदमच सांगतो: मी या फाइलचं काय करणार (वाचणार, लिहिणार, उडवणार) आणि मी आत असताना दुसऱ्याला काय करू देणार. सर्व्हर वही उघडतो, आधीपासून आत कोण कोण आहे बघतो, आणि तपासणी दोन्ही बाजूंनी करतो. तुम्हाला जे करायचंय ते आधीच्या सगळ्यांना चालतंय का, आणि आधीचे जे करतायत ते तुम्हाला चालतंय का. हा दुसरा भाग लोक विसरतात. समजा एकाने फाइल नुसती वाचायला उघडलीय आणि तुम्हीही वाचायलाच मागताय, पण तुमच्या प्रोग्रामने "मी असताना दुसरं कोणी नको" अशी अट घातली, तर नकार तुम्हाला मिळणार, आधीच्याने काहीच आडवं घातलेलं नसताना. त्या नकाराचं नाव शेअरिंग व्हायोलेशन, विंडोजमध्ये एरर नंबर ३२. हे काही नवीन नाही, १९८४ च्या डॉस ३.० मध्ये शेअर नावाचा प्रोग्राम आला तेव्हापासून हेच गणित चालू आहे.

सांबा हा नकार लगेच तोंडावर फेकत नाही, जास्तीत जास्त एक सेकंद थांबून बघतो, कारण पुष्कळदा पहिला तेवढ्यात फाइल बंद करून मोकळा होतो. विंडोज सर्व्हरही असंच करतो म्हणून सांबानेही तसंच ठेवलंय.

आता तुमची एक्सेलची तक्रार. एक्सेल शीट बदलायला उघडताना "दुसऱ्याने लिहू नये" अशी अट घालून उघडतं, म्हणून दुसऱ्याला नुसती वाचायला मिळते. इथपर्यंत सर्व्हरचं काम. पण खिडकीत जे नाव दिसतं ना, अमुक माणूस ही फाइल वापरतोय, ते नाव सर्व्हर सांगत नाही! ते एक्सेलने त्याच फोल्डरमध्ये ठेवलेल्या एका लपलेल्या चिल्लर फाइलमधून येतं, जिचं नाव टिल्डा आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं. पीसी अचानक बंद पडला की ती फाइल मागे राहू शकते, आणि सगळे पीसी एकाच माणसाने एकाच नावाने ऑफिस टाकून तयार केले असतील तर सगळ्यांचं नाव एकच दिसतं. एका केळी ग्रुपमध्ये रोज भांडणं व्हायची, कारण खिडकीत कायम एकाच पोराचं नाव यायचं आणि तो बिचारा सकाळपासून रावेरच्या मळ्यात कटाईवर उभा असायचा. त्यामुळे नावावर विश्वास ठेवू नका, सर्व्हरला विचारा. सांबावर एसएमबीस्टेटस ही कमांड कॅपिटल एल लावून चालवा, विंडोज सर्व्हर असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या शेअर्ड फोल्डर्समध्ये ओपन फाइल्स बघा. तिथे खरं नाव दिसेल. बऱ्याचदा कळतं की फाइल कोणी "उघडलेली" नाहीच, एक्सप्लोररच्या उजव्या बाजूचा प्रीव्ह्यू चालू आहे आणि कोणीतरी शीटवर एकदा क्लिक करून चहाला गेलंय.

दुसरी गोष्ट ऑपलॉक, आणि इथे जरा थांबून समजून घ्या, कारण तुमचा अर्धा मिनिट इथेच जातोय. गोडाऊनचं उदाहरण घ्या. मालकाने एका हमालाला सांगितलं, सध्या तू एकटाच आहेस, मग चाबी तुझ्याजवळच ठेव, दर पोत्यामागे माझ्याकडे येऊन चाबी मागत बसू नको आणि मालाचा हिशोबही निवांत दे. ऑपलॉक म्हणजे ही सवलत. ज्या पीसीने एकट्याने फाइल उघडलीय त्याला सर्व्हर म्हणतो वाचलेलं तुझ्याकडेच ठेव, लिहिलेलंही थोडा वेळ तुझ्याकडेच राहू दे, नंतर पाठव. यात दुसऱ्याला मनाई कुठेच नाही. नेटवर्कवरच्या फेऱ्या वाचतात, काम झपाट्याने होतं, बस.

मग दुसरा आला की काय? मालक पहिल्याला निरोप धाडतो: चाबी घेऊन ये, आत तुझी पोती राहिली असतील तर आधी हिशोबाला लाव. याला म्हणतात ऑपलॉक ब्रेक. पहिल्या पीसीने राहिलेलं सगळं लिखाण सर्व्हरला पाठवायचं, मग "झालं" असं कळवायचं, आणि तोपर्यंत दुसऱ्याची विनंती दारात उभी. सर्व्हर त्याला ना हो म्हणतो ना नाही, नुसतं "पेंडिंग" म्हणून ठेवतो, आणि त्याच्या स्क्रीनवर गोल फिरत राहतं. पहिला जिवंत असेल तर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, कोणाला कळतही नाही. पहिला मेलेला असेल, म्हणजे पीसीची लाइट गेली, स्विच बंद पडला, लॅपटॉपचं झाकण मिटलं, तर सर्व्हर वाट बघतो. विंडोज सर्व्हर ३५ सेकंद बघतो, सांबाही अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मग सर्व्हर स्वतःच ठरवतो की याची सवलत रद्द, आणि दुसऱ्याला पुढे सोडतो.

यातला एक प्रकार बॅच ऑपलॉक, नाव ऐकून लोकांना काहीतरी भारी वाटतं. जुन्या डॉसमध्ये बॅच फाइल चालवताना कमांडचा प्रोग्राम दर ओळीला फाइल उघडायचा, एक ओळ वाचायचा, बंद करायचा, परत उघडायचा. नेटवर्कवर याने जीव जायचा. म्हणून अशी सोय केली की प्रोग्रामने फाइल बंद केली तरी पीसीने ती सर्व्हरकडे उघडीच ठेवायची, परत लागली तर तयार. आता यातून एक मजेदार गोष्ट निघते. सर्व्हरच्या वहीत फाइल "उघडी" दिसते पण माणसाने ती कधीच बंद केलेली असते. म्हणून नीट लिहिलेला सर्व्हर दुसऱ्याला शेअरिंग व्हायोलेशन देण्याआधी पहिल्याला विचारतो, अरे खरंच वापरतोयस का नुसतीच धरून ठेवलीय? पहिला म्हणतो नुसतीच, आणि बंद करतो, मग दुसऱ्याला नकार द्यायची वेळच येत नाही. एसएमबी (विंडोज पीसी आणि सर्व्हर फाइलींबद्दल ज्या भाषेत बोलतात ती) २.१ पासून, म्हणजे विंडोज ७ च्या वेळेपासून, याची सुधारलेली आवृत्ती आली, लीज. त्यात वाचायची सवलत, लिहायची सवलत आणि फाइल धरून ठेवायची सवलत अशा तिन्ही वेगळ्या अक्षरांनी लिहितात, आर, डब्ल्यू, एच. शिवाय लीजला पीसीने दिलेली एक किल्ली असते, म्हणून एकाच पीसीवर तीच फाइल दोनदा उघडली तर तो स्वतःच स्वतःची सवलत मोडत नाही, जुन्या ऑपलॉकमध्ये हे व्हायचं.

हे सगळं मला पुस्तकातून नाही समजलं, धरणगावकडच्या एका जिनिंगवर समजलं. कापसाचा सीझन, गेटवर गाड्यांची रांग, काट्यावरच्या पीसीवर वजनाची नोंद, आत ऑफिसात त्याच फाइलवर पावती. सर्व्हरला यूपीएस होता, काट्याच्या पीसीला नव्हता (काट्याच्या केबिनला कोण यूपीएस देतं). दुपारी लाइट गेली, जनरेटर यायच्या आत ऑफिसातल्या मुनीमजींनी पावती काढायला घेतली, यांचा पीसी यूपीएसवर, आणि स्क्रीन थांबली ती थांबलीच. बाहेरून आवाज, "काय व्हयनं रे भो, पावती दे ना!" मुनीमजींनी दहा सेकंद वाट बघितली आणि उठून सर्व्हरचं बटन दाबून बंद केला. मग दुसऱ्या दिवशी मला फोन, की सर्व्हर खराब आहे, नवीन आणा.

मी गेलो आणि मुद्दाम तसंच घडवून बघितलं. काट्याच्या पीसीवर प्रोग्राम उघडा ठेवला, सर्व्हरवर एसएमबीस्टेटस बघितलं. वजनाच्या फाइलसमोर लिहिलेलं: डिनाय नन, वाचणं-लिहिणं दोन्ही, आणि ऑपलॉकच्या रकान्यात लीज, आरडब्ल्यूएच तिन्ही. म्हणजे दुसऱ्याला मनाई काहीच नाही पण चाबी पूर्ण याच्याकडे. मग पीसीचा प्लग ओढला आणि आतून फाइल उघडली. घड्याळ लावून बघितलं, अर्धा मिनिट शांत, मग सांबाच्या लॉगमध्ये ओळ आली की ऑपलॉक ब्रेक फेल झाला, तरी उत्तर देतोय, आणि पावतीचा स्क्रीन आपोआप चालू झाला. मुनीमजी आणखी वीस सेकंद थांबले असते तर सर्व्हर बंद करायची वेळच नव्हती. आणि गायब एंट्रीचं कोडंही तिथेच सुटलं: काट्याच्या पीसीकडे न पाठवलेल्या शेवटच्या एक-दोन नोंदी होत्या, त्या पीसीबरोबरच गेल्या. सर्व्हरपर्यंत त्या कधी आल्याच नव्हत्या.

म्हणून अशा हिशोबाच्या फाइलींवर ऑपलॉक नकोच, हे माझं ठाम मत. आठ जण दिवसभर एकाच फाइलमध्ये असतील तर चाबीची सवलत कोणाकडेच टिकत नाही, फक्त निरोप जात-येत राहतात, आणि पहिला माणूस एकटा असतानाचा तो थोडासा वेळच धोक्याचा. सांबात व्हेटो ऑपलॉक फाइल्स नावाचं सेटिंग आहे, त्यात डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी ही फॉक्सप्रोच्या फाइलींची एक्स्टेन्शनं टाका, शेअरच्या विभागात. पूर्ण शेअरचा ऑपलॉक बंद करू नका, एक्सेल आणि पीडीएफला तो उपयोगीच आहे. बदल केल्यावर सगळ्यांनी प्रोग्राम बंद करून परत उघडायचा, आधी उघडलेल्या फाइलींची सवलत तशीच राहते. विंडोज सर्व्हरवर जुना रजिस्ट्रीतला ऑपलॉक बंद करायचा उपाय एसएमबी १ पुरता होता, त्याच्या मागे लागू नका, तिथे शेअरचा लीजिंग मोड बदलता येतो.

तिसरी गोष्ट बाइट रेंज लॉक. फॉक्सप्रोसारखे प्रोग्राम फाइल सगळ्यांसाठी उघडी ठेवतात (वर बघा, डिनाय नन) आणि आत फक्त आपल्या रेकॉर्डएवढे बाइट धरतात, अमुक ठिकाणापासून इतके. दुसऱ्याने तेच बाइट मागितले तर सर्व्हर नाही म्हणतो, किंवा प्रोग्रामने "थांबतो" असं सांगितलं असेल तर रांगेत ठेवतो. फाइल संपल्यानंतरच्या पुढच्या जागेवरही लॉक घेता येतो, जिथे एक बाइटही लिहिलेला नाही! काही डेटाबेस मुद्दाम तिथेच घेतात, म्हणजे लॉक हा नुसता आपसातला इशारा राहतो आणि वाचणाऱ्याला खऱ्या डेटावर अडथळा येत नाही. कारण विंडोजच्या जगात हा लॉक सक्तीचा आहे, एकाने बाइट पूर्ण धरले तर दुसऱ्याला ते वाचताही येत नाहीत, एरर ३३.

आता लॉकिंग नो. त्या सेटिंगने सर्व्हर काय करतो माहितीये? प्रत्येक लॉकच्या विनंतीला "मिळाला" म्हणतो. सगळ्यांना. दोन जणांनी एकाच वेळी पुढचा व्हाउचर नंबर घ्यायला तोच रेकॉर्ड धरला तर दोघांनाही मिळाला, दोघांना नंबर एकच, आणि जो नंतर लिहील त्याचं राहील. तक्रार बंद होते हो, कारण तक्रार करणाराच गप्प केलाय. आणि गंमत म्हणजे तुमची एक्सेलची तक्रार याने जाणारही नाही, ती शेअर मोडची आहे, तिचा या सेटिंगशी संबंध नाही. एका ठिकाणी कोणीतरी हे करून ठेवलेलं मला मार्चअखेरीला सापडलं, तीन महिन्यांचे व्हाउचर हाताने जुळवायला बसलो होतो आम्ही, पंखा गरम हवा फेकतोय आणि सीए साहेब समोर. तेव्हा हे सेटिंग आत्ताच बघा, "येस" असायला पाहिजे.

एनएफएसचं म्हणाल तर तिथे भांडण कमी दिसतं कारण तिथला लॉक सल्ल्याचा असतो, सक्तीचा नाही. ज्याने विचारलं त्यालाच सर्व्हर सांगतो की धरलेलं आहे, ज्याने विचारलंच नाही तो सरळ लिहून निघून जातो. लिनक्समध्ये सक्तीचा लॉक म्हणून एक प्रकार होता तोही ५.१५ च्या कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), २०२१ साली, काढून टाकला. जुन्या एनएफएसला तर कोणी काय उघडलंय हे लक्षातच ठेवायचं नव्हतं, लॉकसाठी बाजूला वेगळी सेवा लावलेली. आवृत्ती ४ मध्ये लॉक आत आले आणि हिशोब भाडेकरारासारखा झाला: पीसीने ठराविक वेळात हजेरी लावायची, लिनक्सच्या सर्व्हरवर मूळ सेटिंग ९० सेकंदांचं, नाही लावली तर त्याचे लॉक सर्व्हर काढू शकतो. ५.१९ कर्नलपासून सर्व्हर जरा माणुसकीने वागतो, मुदत संपली तरी दुसरं कोणी मागेपर्यंत लॉक राहू देतो, मागणारा आला की काढतो. आणि सर्व्हर परत चालू झाला की पहिला काही वेळ फक्त जुन्यांनी आपापले लॉक परत सांगायचे, नव्या मागणीला तोवर "थांबा". डिझाइन म्हणून मला हे सांबापेक्षा स्वच्छ वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तुमचे आठही पीसी विंडोज, प्रोग्राम विंडोजचा, त्याला सक्तीचा लॉक अपेक्षित आहे, तिथे एनएफएस म्हणजे बैलाला घोड्याचं खोगीर. आणि तोच फोल्डर सांबावरून आणि एनएफएसवरून दोन्हीकडून उघडायचा तर अजिबात नको, एकाची सक्ती दुसऱ्याला फक्त सल्ला वाटते.

राहिला प्रश्न मेलेल्या पीसीने धरून ठेवलेल्या शीटचा. वरच्या जिनिंगमध्ये अर्ध्या मिनिटात सुटलं कारण तिथे मनाई नव्हती, फक्त चाबी होती. एक्सेलचं तसं नाही, ब्रेक झाला तरी "दुसऱ्याने लिहू नये" ही अट वहीत तशीच राहते, जोपर्यंत सर्व्हरला कळत नाही की तो पीसी गेलाय. आणि लिनक्सचं मूळ सेटिंग असं की गप्प बसलेल्या कनेक्शनची पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. ही तुमची पहिली तक्रार. सांबाच्या सॉकेट ऑप्शन्समध्ये कीपअलाइव्हची, म्हणजे याच चौकशीची, वेळ कमी करता येते, मी पाच मिनिटं ठेवतो. (विंडोज सर्व्हरवर ड्युरेबल हँडल म्हणून सोय असते, वायफाय तुटलेल्या लॅपटॉपसाठी सर्व्हर फाइल थोडा वेळ राखून ठेवतो आणि दरम्यान दुसरा आला तर सहसा सोडून देतो. सांबात ते हवं तर पॉझिक्स लॉकिंग नावाचं सेटिंग बंद करावं लागतं, तुम्हाला गरज नाही.)

तोपर्यंत घाई असेल तर पूर्ण सांबा रीस्टार्ट करू नका, सगळ्या आठ जणांचं काम मोडेल. सांबात प्रत्येक पीसीसाठी सर्व्हरवर वेगळी प्रोसेस असते, एसएमबीस्टेटसमध्ये तिचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) पहिल्याच रकान्यात दिसतो, तेवढीच साध्या किल कमांडने बंद करा. उणे नऊ लावून नाही, त्याने सगळ्यांची सामायिक वही अर्धवट लिहिलेली राहू शकते. आणि किल करायच्या आधी त्या माणसाला फोन करा, तो जिवंत असेल आणि त्याच्याकडे न पाठवलेलं काही असेल तर ते तुम्ही मारताय.

आता असं करा. आज लॉकिंगचं सेटिंग बघा, उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आत व्हेटोची ओळ टाका, आणि पुढच्या वेळी शीट अडकली की काहीही बंद करायच्या आधी एसएमबीस्टेटसचा फोटो काढून मला पाठवा, डिनायचा आणि ऑपलॉकचा असे दोन रकाने दिसले पाहिजेत त्यात. आणि ज्या पीसीवर एंट्री होते त्यांना यूपीएस घ्या, छोटे चालतील, सर्व्हरला एकट्याला लावून उपयोग नाही.